सायमनचा एक तास

सायमन हे नाव मराठी माणसाला शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात भेटतं. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी सर जॉन सायमन यांचं कमिशन मुंबई बंदरात उतरलं आणि काळ्या निशाणांनी त्याचं स्वागत झालं. बाकीच्या सनावळ्या विसरलेल्यांनाही 'सायमन, परत जा' ही घोषणा आठवते. मी ज्या सायमनबद्दल लिहायला बसलोय त्याला कुणी काळं निशाण दाखवलं नाही, तरी तोही परत गेला. योगायोग म्हणजे महिना पुन्हा फेब्रुवारीच होता. १९९५ च्या फेब्रुवारीत त्याची विक्री थांबली, तेव्हा त्याला बाजारात येऊन जेमतेम सहा महिने झाले होते.

हा सायमन म्हणजे आयबीएमचा 'सायमन पर्सनल कम्युनिकेटर'. १६ ऑगस्ट १९९४ रोजी तो अमेरिकेत विक्रीला आला. स्मार्टफोन हा शब्द तेव्हा त्याला कुणी लावला नाही, तो पुढे काही वर्षांनी रुळला. पण मोबाइल फोन आणि संगणक एकाच डब्यात बसवायचे, आकड्यांची बटणं काढून टाकायची आणि त्या जागी दाबून चालवायचा पडदा लावायचा, हे करून दाखवणारा बाजारातला पहिला फोन हाच. याची गोष्ट सांगताना 'काळाच्या फार पुढे होता हो' असं म्हणून मोकळं व्हायची रीत आहे. मला ती पटत नाही. सायमन आपल्या काळात गुडघाभर रुतलेला होता, आणि तो किती रुतलेला होता हे त्याच्या बॅटरीकडे पाहिलं की कळतं. तासभर बोललात की संपली.

फ्लोरिडातलं बोका रॅटन हे गाव संगणकवाल्यांना परकं नाही. १९८१ साली आलेला आयबीएमचा पीसी तिथेच घडला. त्यानंतर दहाएक वर्षांनी आयबीएमच्या तिथल्याच मंडळींत जेरी मर्केल नावाचे इंजिनिअर मेमरी कार्डांवर काम करत होते. ही कार्डं साधारण पत्त्याएवढी, थोडी जाड. लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत सरकवायची. मर्केलना वाटलं की अशी खाच फोनला दिली तर? कार्ड बदललं की फोनचं काम बदलेल. फ्रँक कनोव्हा या दुसऱ्या इंजिनिअरने त्या कल्पनेला यंत्राचं रूप दिलं. नोव्हेंबर १९९२ मध्ये लास वेगासला कॉमडेक्स हे संगणकांचं अवाढव्य प्रदर्शन भरलं, तिथे त्यांचा नमुना लोकांनी पाहिला. नमुन्याचं नाव होतं 'स्वीटस्पॉट'. दुसऱ्याच दिवशी 'यूएसए टुडे'ने आपल्या अर्थविषयक पुरवणीच्या पहिल्या पानावर, तो नमुना हातात धरलेल्या कनोव्हांचा फोटो छापला.

कौतुक झालं, पण बनवणार कोण? आयबीएमला संगणक येत होते, फोन येत नव्हता. मोटोरोलाला विचारलं, उद्या आयबीएमच आपल्या उरावर बसेल या धास्तीने तिने अंग काढून घेतलं. शेवटी काम गेलं जपानच्या मित्सुबिशी इलेक्ट्रिककडे. विकायची जबाबदारी अटलांटाच्या बेलसाउथने घेतली, कारण दक्षिणेकडच्या राज्यांत तिचं मोबाइलचं जाळं होतं. नोव्हेंबर १९९३ मध्ये ऑरलँडोच्या परिषदेत फोन जाहीर झाला. मेमध्ये दुकानात येणार होता. सॉफ्टवेअरच्या दुखण्यांनी ऑगस्ट उजाडला. ही ओळ लिहिताना मला गंमत वाटली. पुढच्या तीस वर्षांत या धंद्यातल्या किती 'येतोय, येतोय' म्हणणाऱ्या वस्तूंना ती जशीच्या तशी लागू पडली असती!

आता तो हातात घेऊन पाहू. माझ्याकडे सायमन नाही, तेव्हा स्वयंपाकघरातल्या तराजूवर साखर मोजली. ५१० ग्रॅम. पिशवीत घालून कानाला धरली आणि आमच्या घरच्या एका नेहमीच्या नातेवाईकाशी बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ धरून ठेवली. दहाव्या मिनिटाला दंड बोलायला लागला. फोनची लांबी ८ इंच, रुंदी अडीच इंच, जाडी दीड इंच. आपल्याकडची वीट असते ९ बाय ४ बाय ३ ची. म्हणजे ती उभी मधोमध चिरली की लांबीरुंदीला सायमनच्या जवळपास जाणारं काहीतरी हाती येईल. 'विटेसारखा फोन' असं त्याला म्हणत, त्यात अन्याय फारसा नव्हता.

पडदा मात्र विटेच्या मानाने चिंचोळा: साडेचार इंच उंच आणि १.४ इंच रुंद. एका पोस्टकार्डातून अशा दोन पट्ट्या निघतात. मी एक कापली आणि टोकदार पेन्सिलीने तिच्यावर लिहिलं, 'दुपारी येतो, जेवायला थांबू नका.' चार ओळी लागल्या. सायमनचा पडदा हिरवट करड्या रंगाचा, रंगीत नव्हे. आडवे १६० ठिपके आणि उभे २९३. मागून उजेड होता, त्यामुळे अंधारातही वाचता येई. फोन लावायचा झाला की पडद्यावर आकड्यांची चित्रं उमटत, त्यांवर बोट दाबायचं. ती बोटाला पुरेशी मोठी होती. फोनचा पडदा सोडून दुसऱ्या कामाला जायचं तर 'मोबाइल ऑफिस'वर दाबायचं, की सगळी चित्रं बदलत: पत्त्यांची वही, भेटीगाठींची दैनंदिनी, गणकयंत्र, जगातल्या वेळा दाखवणारं घड्याळ, चिठ्ठ्या लिहायची पाटी, ई-मेल, फॅक्स.

या बदलण्यातच सायमनचं खरं वेगळेपण होतं. तोवरच्या फोनचा चेहरा कायमचा ठरलेला असे. बारा बटणं, ती नेहमी तीच बारा. सायमनच्या तोंडावर काहीच कोरलेलं नव्हतं. जे काम निघेल तसा चेहरा. आज हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात नवल काय असा प्रश्न पडावा. पण १९९४ मध्ये ज्याने पहिल्यांदा तो विकत घेतला असेल, त्याला आपण आत्ता फोन हातात धरलाय की वही, हे पडद्याकडे पाहून ठरवावं लागत होतं.

बारीक कामाला सोबत एक काडी दिलेली असे, आजच्या भाषेत स्टायलस. टंकायला दोन सोयी होत्या. एक इंग्रजी टंकयंत्राच्या मांडणीचा छोटा कळफलक. दुसरा अंदाज बांधणारा: तुम्ही एक अक्षर दाबलंत की पुढे कोणती अक्षरं येण्याचा संभव जास्त, तेवढी मोजकीच मोठ्या आकारात समोर येत. इंग्रजीची २६ अक्षरं होती म्हणून हे जमलं. आपली बाराखडी त्या पट्टीवर मांडायची कुणावर वेळ आली असती तर त्याने काडी खाली ठेवून चहा मागवला असता.

ज्याला टंकायचा कंटाळा, त्याने सरळ काडीने पडद्यावर लिहावं किंवा चित्र काढावं. सायमन ते अक्षर ओळखायच्या भानगडीत पडत नसे. वर्षभर आधी आलेलं ॲपलचं 'न्यूटन' हे उपकरण हस्ताक्षर वाचायला गेलं आणि त्याने लावलेल्या चुकीच्या अर्थांवर अमेरिकेतल्या व्यंगचित्रकारांची चंगळ झाली. सायमनने तुमचं अक्षर जसंच्या तसं ठेवलं आणि हवं असेल तर फॅक्सने पुढे पाठवलं. मला हा शहाणपणा वाटतो. वाचता येत नसेल तर न वाचता पोचवावं, टपालखात्याचंही तेच तर तत्त्व आहे.

फॅक्स हे सायमनचं सगळ्यात जवळचं काम. ९६०० बिटांच्या वेगाने तो फॅक्स पाठवी आणि घेई. पाठवणं ठीक, पण आलेला फॅक्स वाचायचा कसा? साध्या फॅक्सच्या एका ओळीत आडवे १७२८ ठिपके असतात आणि सायमनच्या पडद्यात १६०. कागद पूर्ण आकारात पाहायचा तर एक ओळ वाचायला खिडकी दहा-अकरा वेळा सरकवावी लागणार. किल्लीच्या भोकातून वर्तमानपत्र वाचण्यासारखंच ते. शिवाय जाळं ॲनालॉग. गाडी एका मनोऱ्याच्या टापूतून दुसऱ्याच्या टापूत शिरली की आवाजाची वाट क्षणभर बंद करून फोनला नव्या वाटेची सूचना दिली जाई. बोलणाऱ्याला एखादा शब्द तुटल्यासारखा वाटे, तो 'काय म्हणालात?' म्हणे आणि पुढे चाले. मोडेमला 'काय म्हणालात?' म्हणता येतंच असं नाही. म्हणून फॅक्स पाठवायचा तर गाडी कडेला लावलेली बरी.

आणि हे सगळं एका तासाच्या आत. निकेल-कॅडमियमच्या बॅटरीवर सायमन तासभर बोले, किंवा नुसता वाट पाहत बसला तर आठ तास. बनवणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. खोक्यात चार्जिंगचं बैठं ठाण, चामड्याचं वेष्टन आणि एक सोडून दोन बॅटऱ्या असत. गणित करून पाहा. त्याच्या मोडेमचा माहितीचा वेग सेकंदाला २४०० बिट. एका अक्षराला आधीची-नंतरची खूण धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला २४० अक्षरं. सायमनच्या पोटात १ मेगाबाइट मेमरी होती. ती त्याच्याच मोडेमने काठोकाठ भरायची म्हटलं तर ७२-७३ मिनिटं हवीत. म्हणजे स्वतःचं पोट भरण्याआधीच त्याचा जीव जाणार! आत १६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता, पीसीच्याच कुळातला, आणि त्यावर डॉसचीच एक जात चाले. बुद्धी पुरेशी होती. श्वास कमी पडत होता.

सायमन हे नाव इंग्रजी मुलांच्या एका खेळाची आठवण करून देतं. त्याच्या माहितीपुस्तिकेच्या नावातच 'सायमन सेज' अशी कोटी होती. तो खेळ आपल्याकडे 'शिवाजी म्हणतो' या नावाने चालतो. शिवाजी म्हणतो, हात वर. शिवाजी म्हणतो, बसा. 'शिवाजी म्हणतो' न म्हणता नुसतं 'उठा' म्हटल्यावर जो उठला तो बाद. फोनला हे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात आज्ञाधारक यंत्र असणार. पण बॅटरीच्या हिशेबाने पाहिलं तर खेळ उलटाच होता. सायमन म्हणतो, आता बोला. सायमन म्हणतो, आता पुरे.

हा फोन दोन वर्षांचा करार केला तर ८९९ डॉलरना मिळे, करार नको असेल तर १०९९. त्या वेळच्या भावाने म्हणजे २८ ते ३४ हजार रुपये. तेवढे मोजून तो १५ राज्यांतल्या १९० शहरांत चाले, त्याच्या पलीकडे नाही. कार्डाची ती खाच, जिच्यापासून ही सगळी कल्पना सुरू झाली, तिच्यात घालायला बाहेरच्यांनी फार काही बनवलंच नाही. 'डिस्पॅच-इट' नावाचा एकच बाहेरचा प्रोग्राम नोंदला गेला आहे. फिरतीवरच्या माणसांना कामं वाटून देण्यासाठी तो होता. कचेरीतल्या संगणकावरच्या भागाची किंमत २९९९ डॉलर आणि दर सायमनमागे आणखी २९९. फोनपेक्षा ॲप तिपटीने महाग! आज दहा रुपयांचं ॲप घेताना तीनदा विचार करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा आकडा एकदा सावकाश वाचावा.

त्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे काय चाललं होतं? घरच्या फोनसाठी नंबर लावलेला होता आणि तो कधी येईल हे लावणाऱ्यालाही माहीत नव्हतं. तोवर चौकातल्या वाण्याचा नंबर आम्ही आमचा म्हणून देत होतो, पुढे 'पी. पी.' लिहून. घरातल्या एका लग्नाच्या पत्रिकेवरही तोच छापला होता. फोन आला की वाण्याचा पोऱ्या खालून हाक मारी, आणि जिना उतरून जाईपर्यंत पलीकडचा माणूस एसटीडीचं मीटर पळताना पाहत ताटकळे. भारतात मोबाइलवरचं पहिलं बोलणं झालं ३१ जुलै १९९५ ला: कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू, दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम. त्याच वर्षी मुंबईत बीपीएल आणि हचिसन मॅक्स यांची सेवा सुरू झाली. ती सगळी जीएसएम या डिजिटल पद्धतीची होती. समजा कुणी अमेरिकेतल्या मामाने भाच्यासाठी सायमन आणलाच असता, तर मुंबईत त्याला एकाही मनोऱ्याने ओळखलं नसतं. तोवर सायमनची विक्री बंदही झाली होती, हे वेगळं.

बंद का झाली याला एक कारण नाही. खरं तर सहा महिन्यांत सुमारे ५० हजार सायमन खपले, आणि विटेएवढ्या, महागड्या, तासाभराच्या फोनसाठी हा आकडा मला कमी वाटत नाही. किंमतही मध्यंतरी ५९९ डॉलरवर आणून पाहिली. पण बाजाराची हवा वेगळ्या दिशेला होती. लोकांना फोन लहान हवा होता. मोटोरोलाने खिशात मावणारे, घडी घालायचे फोन विकून ही चटक लावली होती. जानेवारी १९९६ मध्ये तिचा स्टारटॅक आला, वजन शंभर ग्रॅमच्याही आत. पाच स्टारटॅक एका पारड्यात टाकले तरी दुसऱ्यातला एक सायमन हलला नसता. दुसरं म्हणजे फोनवर पाहायला अजून काही नव्हतं. चित्रांसह वेब दाखवणारा मोझॅक १९९३ मध्ये नुकता कुठे संगणकांवर आला होता. सायमन पत्त्यांची वही दाखवी, पण ते पत्ते तुम्हीच आधी काडीने एकेक अक्षर टोचून भरलेले असत.

तिसरं कारण घरातलंच. १९९३ साली आयबीएमला आठ अब्ज डॉलरच्या वर तोटा झाला होता. नवे प्रमुख लू गर्स्टनर खर्च छाटत होते, माणसं कमी होत होती. सायमनच्या धाकट्या भावावर, 'निऑन'वर, काम सुरू झालं होतं; ते गुंडाळण्यात आलं. अशा दिवसांत फोनचा लाड कोण करणार? कनोव्हा पुढे पाम कंपनीत गेले, जिच्या हातात मावणाऱ्या उपकरणांनी काडी आणि पडदा ही जोडी अमेरिकेत घरोघरी नेली.

काडी पुढे वाईट नावाची झाली. जानेवारी २००७ मध्ये आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्सनी स्टायलसची मनसोक्त टवाळी केली आणि सभागृह हसलं. तो हशा थोडा उसना होता, असं माझं मत. सायमनचा फोनचा पडदा बोटानेच चाले. काडी होती ती लिहिण्यासाठी, आणि दाबावर चालणाऱ्या त्या पडद्याला बोट काय, नख काय, पेनाचं टोपण काय, सगळं सारखंच. आयफोनने बदलली ती काच: दाब नको, बोटाचा नुसता स्पर्श पुरे, आणि एका वेळी दोन बोटं चालतील. पहिल्या आयफोनवरही बाहेरच्यांची ॲप घालता येत नव्हती, हे मात्र आता फारसं कुणी आठवत नाही. त्याचं वजन होतं १३५ ग्रॅम. आणि बोलायला आठ तास, म्हणजे सायमन जेवढा वेळ नुसता वाट पाहत बसे तेवढे.

२०१४ साली सायमनला वीस वर्षं झाली. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्या ऑक्टोबरात माहितीयुगाचं नवं दालन उघडलं, त्यात त्याला काचेआड जागा मिळाली. दालनाच्या उद्घाटनाला राणी एलिझाबेथ आल्या आणि त्यांनी तिथे आयुष्यातलं पहिलं ट्वीट केलं. काचेतल्या सायमनला त्यातलं काय कळलं असतं, कोण जाणे.

अजून काही सायमन हौशी लोकांच्या कपाटात आहेत. जुन्या बॅटऱ्या बहुतेक मेलेल्या, पण वीज दिली की पडदा उजळतो. त्यात 'स्क्रॅम्बल' नावाचा एक खेळ आहे. जत्रेत आकड्यांच्या सरकत्या चौकटींचं कोडं मिळतं ना, तसा. तो खेळता येतो. घड्याळ चालतं, बेरजा होतात. फोन मात्र लागत नाही. १८ फेब्रुवारी २००८ पासून अमेरिकेतल्या कंपन्यांवर ते जुनं ॲनालॉग जाळं चालू ठेवायचं बंधन राहिलं नाही आणि एकेक मनोरा त्याला मुका झाला. (फेब्रुवारीच, पुन्हा.) एक वाट तेवढी उरते. सायमनसाठी वेगळी एक वायर मिळत असे, घरच्या फोनच्या खोबणीत खुपसायची. हॉटेलात उतरलेल्या माणसाने मोबाइलची महागडी मिनिटं वाचवावीत म्हणून. ती वायर कपाटात सापडली, घरात जुनी तारेची लाइन शिल्लक असली आणि पलीकडे कुणी फॅक्सचं यंत्र अजून जपून ठेवलेलं असलं, तर काडीने त्या पट्टीवर दोन ओळी लिहून त्या आजही पाठवता येतील. वायर मात्र हातभरच लांब असेल, तेव्हा भिंतीपाशी उभं राहूनच.